बयनाचा हात

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा ओढेवाडीत कुणाच्याच घरात आरसा नव्हता आणि आपण कशा दिसतो ते बाया एकमेकींना विचारत. त्या गावात बयना नावाची न्हावीण होती. नवरा तापाने गेलेला, पदरी लेकरू नाही. बाळंतिणींना न्हाऊ घालायचं, पोरींचे केस विंचरायचे, त्यावरच तिचं पोट. तिची बोटं केसांत शिरली की रडतं पोर झोपी जायचं, असं म्हणतात.

गावात एक रीत होती. पोरीच्या केसांत जट आली, म्हणजे केस गुंतून दोरासारखे एक झाले, की ती डोंगरावरच्या देवीची खूण. जटेला फणी लावायची नाही, नुसती हळद आणि तेल चोळायचं. त्या चोळण्याने जट आणखी घट्ट व्हायची आणि गाव म्हणायचं, बघा, देवी वाढली! मग पुनवेला पोर डोंगरावर नेऊन देवीला सोडायची, तिची जोगतीण व्हायची. सोडलेल्या पोरीला लग्न नाही, घर नाही. हातात परडी, दारोदार जोगवा, आणि तिच्यावर हात टाकणाऱ्याला जाब विचारणारं कुणी नाही.

त्या साली जट आली तानीला. केस दाट, कुरळे. आई मेल्यापासून त्यांत फणी घालायला कुणाला सवडच झाली नव्हती. बयनाने जट चाचपली आणि तिला सगळं कळलं.

ती तानीच्या बापाला म्हणाली, “रखमाजीदादा, ह्यो गुंता हाय. देवी न्हवं.”

“बयनाक्का, हळू बोल. देवीनं ऐकलं तर दुसरं पोर बी जाईल माझं.”

“देवी ऐकंल तवा ऐकंल. आदी तू तर ऐक!”

रखमाजीने कानांवर हात ठेवले.

पुनवेच्या आदल्या दुपारी गाव रानात गेलं, तशी बयना तानीला घेऊन डोहावर आली. डोकं भादरलं असतं तर काम घटकेत झालं असतं. पण बोडक्या पोरीला गावाने अपशकुनी म्हणून हाकललं असतं. जट तर काढायची आणि कापलेली दिसू द्यायची नाही, ती आपोआप सुटली असंच गावाला वाटायला हवं, असा तो पेच होता.

तिने रिठ्याच्या पाण्यात केस भिजवले. टोकाकडून एकेक बट बोटांनी सोडवत नेली, सुटेना तेवढीच कातरीने कापली. उरलेले केस तिने एका मापाने छाटले नाहीत. वरचे आखूड, खालचे लांब, कुठे बोटभर, कुठे वीतभर. कुरळ्यावर कुरळं असं बसवलं, की जटेची रिकामी जागा पार झाकून गेली.

“बयनामावशी, डोकं उडून जातंय गं माझं!” तानी हसली.

केस सुकले तसे उसळून आले. वारा नसतानाही डोहाच्या पाण्यावर तशाच लाटा उठल्या, असं म्हणतात.

सांजेला पुजाऱ्याने तानीला पाहिलं आणि आरोळी ठोकली, “देवीनं जट माघारी घेतली! पोर साक्षात देवी झाली. हिला आता डोंगरावरच ठिवा!” माणसं तानीच्या पायांवर डोकी ठेवू लागली. तानी घाबरून बयनाच्या लुगड्यात शिरली.

बयना गप्प राहिली असती तर जगली असती. पण तानी गेली असती. तिने ओच्यातून कापलेली जट काढली आणि सगळ्यांसमोर धरली. “देवीनं न्हाई, म्या कापली. पाप लागायचं त्ये मला लागू द्या.”

पहिला दगड कुणाचा, हे ओढेवाडी आजही सांगत नाही. जट तिच्या गळ्यात बांधून लोकांनी तिला डोहापर्यंत रेटत नेलं. ती पाण्यात उतरली, ती पुन्हा दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच डोंगरावरच्या साऱ्या जोगतिणींच्या जटा आपोआप सुटून खांद्यांवर आल्या, असं म्हणतात. म्हाताऱ्या बाया लहान पोरींसारख्या आपल्याच केसांत बोटं फिरवत बसल्या. पण त्यांना घरी न्यायला कुणीही डोंगर चढलं नाही. तानीला डोंगरावर पाठवायची हिंमत मात्र पुन्हा कुणाला झाली नाही.

डोहाशी देऊळ नाही, बयनाच्या नावाचा साधा दगडही नाही. पण ओढेवाडीत एखाद्या पोरीची आई गेली, की आळीतल्या बाया आळीपाळीने तिचे केस विंचरतात. पेरणी असो, घरात आजारपण असो, फणी चुकत नाही. पोर कंटाळून उठायला लागली की तिला दंडाला धरून खाली बसवतात.

“बस गं भवाने. बयनाचा हात फिरू दे.”