कणसाची खिंड

शके सोळाशे सत्तावीस, माघ महिना, ज्वारीची काढणी चालू. तेव्हापासून या खिंडीत तिरडी आली की 'कणसं' अशी हाक देतात. पाहुण्यांना हसू येते. हसू नये.

खाली ओढ्यापाशी मोगल होते, वर खिंड आपल्यांनी धरली होती. जखमी वर आणायचे काम भोयांचे. शत्रूला कळू नये म्हणून हवालदाराने दोन शब्द ठरवून दिले होते, असे सांगतात. जखमी म्हणजे कणसं, मेलेला म्हणजे कडबा. 'कणसं' ऐकू आले की वरचे भोई दोर घेऊन कडा उतरत. 'कडबा' आले तर कोणी हलायचे नाही. मेल्यापायी जिवंत माणूस घालवायचा नाही. खोटी हाक देईल त्याचा हात तोडायचा.

सुभाना भोयाने त्या दिवशी नऊ जखमी वर पोचवले. दहाव्या खेपेला जखमी कोणी उरला नव्हता. धारराव शिपाई तेवढा ओढ्यात मरून पडला होता. आदल्या पावसाळ्यात पुरात वाहून चाललेल्या सुभानाला याच धाररावाने ओढून काढले होते. तेव्हा सुभाना बोलून गेला होता, "तू कुठंबी पड, तुला तुझ्या आईच्या दारात मी आणीन."

त्याने मढे पाठीला बांधले आणि कड्यापर्यंत चढला. पुढे दोराशिवाय वाट नव्हती. त्याने छाती भरून हाक दिली, "कणसं!"

भोई उतरले. त्यांच्यामागून हवालदारही उतरला. त्याने धाररावाच्या नाकाशी बोट धरले.

"भोया, हे कणीस व्हय रं?"

"माज्या पाठीवर हाय तवर कणीसच."

"हुकूम ठावं हाय न्हवं? हात जाईल."

"तोडा की. पर वर गेल्यावर. आत्ता दोन्ही गुंतल्यात."

म्हातारा येसू भोई दोर आवळत म्हणाला, "हवालदार, जरा बाजूला व्हा. दोर घासतोय."

हवालदार म्हणे बाजूला झाला.

वर पोचल्यावर सुभानाने मढे उतरवले आणि आपला उजवा हात दगडावर ठेवला. मान खाली घातली नाही. हवालदाराने त्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, "उचल त्याला. गाव अजून दोन कोस हाय."

आजही खिंडीत ती हाक आली की वाटेवरचा माणूस, ओळखीचा असो वा नसो, खांदा द्यायला उतरतो.

त्या सांजेला सुभानाने धाररावाला त्याच्या आईच्या दारात उतरवले. ऋण फिटले.