दीड इंच

एकदा एक जीपवाला डोंगरातल्या वाडीवरून बाजारगावी उतरला आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या गॅरेजसमोर गाडी उभी करून म्हणाला, "वस्ताद, गाडी सहा इंच वर उचला. आणि टायर मिळतील तेवढे मोठे घाला."

या लहू कोंढरेचं दुःख साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. गेल्या श्रावणात त्याची बायको बाळंतपणात अडली. तिला घेऊन तो निघाला, आणि वाडीखालच्या ओढ्यात, पाण्याखालच्या कातळाच्या टोकावर आपटून जीपचं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं. तेल वाहून गेलं, गाडी जागीच बसली. लोकांनी तिला झोळीतून नेलं, पण दवाखाना यायच्या आधीच ती गेली. पोटातलं मूलही गेलं. वाडीत दुसरी गाडी नव्हती, आणि आता लहूच्या भावजयीला सहावा महिना लागला होता. म्हणजे तिचं बाळंतपण ऐन आषाढात येणार होतं.

मिस्त्रीचा शिष्य अनंता हाताला तयार, आणि जिभेलाही. तो म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे, वस्ताद. घेऊ का आत?"

"आधी ओढा बघू," म्हातारा म्हणाला. "लहू, त्या दिवशी गाडीत माणसं किती होती?"

"पाच. आणि ती."

"तेवढीच भर."

"तिला कुठनं आणू, वस्ताद?"

"तिच्या वजनाचं भाताचं पोतं ठेव."

आता सांगा, भल्या माणसाच्या तोंडी शोभतं का हे? अनंताला तर वाटलं, म्हातारा चळला. लहूनं मात्र वाडीवरच्या घरातनं पोतं आणलं, मागच्या बाकावर आडवं ठेवलं आणि हलू नये म्हणून त्याला चादरीचा टेकू दिला. वाडीतली तीच पाच माणसं खाली मान घालून त्याच्या भोवती बसली.

चैत्रातला ओढा कोरडा पडला होता. कातळाचं टोक उघडं होतं आणि त्यावरचा चेंबरचा ओरखडा अजून दिसत होता. म्हाताऱ्यानं भरलेली जीप कातळाशेजारी उभी करवली. मग तो सत्तरीतला माणूस गोट्यांवर पाठ टेकून गाडीखाली शिरला. त्यानं टेप लावून गाडीचं माप घेतलं, कातळाचं घेतलं, पुन्हा एकदा दोन्ही घेतली.

बाहेर येऊन तो म्हणाला, "अनंता, स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा जादा घाल. टायर एक नंबर मोठे. बॉडी पाट्यांनी वर जाते, एक्सल मात्र टायरनंच. मिळून तीन इंच, बास."

अनंता उसळला. "माणूस सहा मागतोय, तुम्ही तीन देताय! इतकं सोसलेल्या माणसाशी घासाघीस कसली करता?"

म्हाताऱ्यानं पलीकडच्या चढाकडे बोट केलं. "ते वळण बघ, दरीकडं कललेलं. सहा इंच उचललेली जीप, टपावर ओझं, आत माणसं. इथनं सुखानं जाईल आणि तिथं कलंडेल. अवजड टायरला हे ब्रेक पुरायचे नाहीत. वीस वर्षांमागं एक बाप असाच आला होता माझ्याकडं. ओढ्यात गाडी अडकून त्याचा पोरगा दगावला होता. दया आली रे मला, त्यानं मागितली तेवढी गाडी उचलून दिली. पुढच्या पावसाळ्यात अशाच वळणावर चार माणसं गेली. गाडी दगडाच्या मापानं उचलायची असते. मी ती त्याच्या दुःखाच्या मापानं उचलली."

लहू स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता. त्यानं विचारलं, "वस्ताद, त्या दिवशी किती कमी पडलं?"

म्हातारा टेप गुंडाळत राहिला.

"सांगा की."

"दीड इंच."

लहू खाली उतरला. अंगठा आणि बोट दीड इंचावर धरून बघत राहिला. "मला वाटलं होतं, हातभर तरी असंल," तो म्हणाला, आणि कातळावर बसून हमसून हमसून रडला. त्या श्रावणानंतर तो पहिल्यांदाच रडत होता. म्हातारा त्याच्या शेजारी बसून राहिला.

परतीच्या वाटेवर अनंतानं हळूच विचारलं, "आकडा थोडा वाढवून सांगितला असता तर?"

"त्याची भावजय त्याच गाडीत बसणार आहे, अनंता. खोट्या मापावर तिला कशी बसवू?"

सहा इंच देऊन म्हाताऱ्याला हा सारा प्रसंग टाळता आला असता, हे अनंताला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तीन इंचच घातले, आणि प्रत्येक नट दोनदा आवळला.

भीतीपोटी आपणही काही ना काही उंच करायला निघतो. तेव्हा आधी भरल्या गाडीखाली शिरून माप घ्यावं, आणि निघेल ते माप सोसायची तयारी ठेवावी.