भिवराक्काचा धागा

भिवराक्का खरं बोलत होती, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. शेजाऱ्यांनी नाही, भावकीनं नाही, लग्नाच्या नवऱ्यानंही नाही. बाईनं काही सांगितलं, तर लोकांना पुरावा लागतो. पुरुषानं नुसती मान डोलवली तरी चालतं. तेव्हाही हे असंच होतं.

माणदेशाच्या माळावर हिवरमाळ नावाचं गाव आहे, तिथली ही हकीकत. तेव्हा माळावर रस्ता नव्हता, बैलगाडीच्या चाकोऱ्याच काय त्या होत्या. घरोघरी मेंढरं होती. एकदा जनावरांचे खेळ करणारा एक तांडा त्या वाटेनं गेला, आणि दुसऱ्या दिवशी भिवराक्का ओढ्यावरून धावत आली.

"अगं बायांनो," ती म्हणाली, "ओढ्यात मेंढी बसलीया. मान उंटावानी, डोळं हरणावानी, आन् गुणगुणतीया."

बाया हसून हसून वाकल्या. तात्याबा, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, "उनात फिरू नकोस म्हणून सांगितलं हुतं."

भिवराक्का तशीच वळली. परत ओढ्यावर गेली, जुन्या लुगड्याचा पट्टा त्या जनावराच्या गळ्यात बांधला आणि त्याला भर गावातून चालवत आणलं. हसणाऱ्या बायांच्या दातखिळ्या बसल्या. जनावर आजारी होतं म्हणून तांड्यानं ते टाकून दिलं होतं. रंगानं मातीसारखं, अंगावर हातभर लोकर. आताची शिकलेली पोरं सांगतात की त्याला अल्पाका म्हणतात आणि ते सातासमुद्रापलीकडच्या डोंगरात असतं. भिवराक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मंजुळ गुणगुणायचं, म्हणून तिनं त्याला मंजुळा म्हटलं.

मंजुळेला तिनं बाजरीचा कोंडा चारला, हिवराच्या शेंगा चारल्या, आणि ती उभी राहिली. तांड्यातूनच ती गाभण आली होती. पुढे भर दुपारी, लख्ख उन्हात तिला पिल्लू झालं. दोघं मायलेकरं एकाच ठरल्या जागी लेंड्या टाकायची. भिवराक्का येणाऱ्याजाणाऱ्याला ती जागा दाखवायची आणि म्हणायची, "बघा, शिका कायतरी."

तात्याबा वैतागला. "आगं, दूध देत न्हाई, नांगराला चालत न्हाई. मग हाय कशाला?"

"तुमी तरी कशाला हाय?" भिवराक्का म्हणाली. "हौस म्हणून ठेवलंच ना मी?"

खरंच, ती हौसच होती. तिच्या माहेरी-सासरी कुणी लोकर कातली नव्हती. पण शेतातलं काम उरकलं की ती मंजुळेची लोकर विंचरायची आणि लाकडी चाती फिरवत कातत बसायची. पाण्याला जाताना कातायची, भांडताना कातायची. भांडताना धागा जास्तच बारीक निघायचा, असं म्हणतात. गावचा म्हातारा सणगर घोंगड्या विणायचा. त्यानं तो धागा बोटांत धरला, ओढून बघितला, दातानं तोडून बघितला. तुटला नाही. "आक्का," तो म्हणाला, "ही लोकर न्हवं. ढग हाय. आन् ढगाला दोरखंडाचं बळ हाय." त्या धाग्याची विणलेली घोंगडी हातातल्या बांगडीतून आरपार निघायची, असं म्हणतात.

आणि मग गावातली कोकरं जायला लागली.

आज याच्या वाड्यातलं, उद्या त्याच्या. मेंढरं माळावर चरायला गेली की लहान कोकरं घरी डालीखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, झाकलेली असत. संध्याकाळी आया परत येत, तर डाल तशीच पालथी घातलेली आणि खालचं कोकरू गायब. रात्रभर मेंढ्या ओरडत. बाया रडत. गावाला वाटलं लांडगा. मग नागोजी पाटील चावडीवर बसला आणि म्हणाला, "लांडगा कसला? ती उंटमानी म्हंजी भूत हाय, ती आल्यापास्नं हे सुरू झालंय."

हा नागोजी गावचा पाटील. भलं मोठं पोट, भलामोठा फेटा. मारुतीला नवस बोलून आपण मटण सोडलंय असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याच्या शब्दापुढे गावात शब्द नव्हता.

भिवराक्का मंजुळेला घेऊन चावडीवर गेली. सगळ्यांच्या देखत तिनं मंजुळेचा ओठ वर केला. "बघा. पुढचे वरचे दातच न्हाईत हिला. ही कोकरू खाणार? हिला भाकरी मऊ करून द्यावी लागती."

"भूत खायच्या येळेला दात लावतं आन् मग काढून ठेवतं," नागोजी म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

"पाटील, लांडग्यानं नेलं असतं तर रगत सांडलं असतं. कोकरू नेऊन डाल परत पालथी घालून ठेवायची रीत लांडग्याला कुणी शिकवली? ह्यो दोन पायाचा लांडगा हाय."

पुन्हा कुणी विश्वास ठेवला नाही. नागोजीनं निवाडा दिला. मेंढरांची कातरणी होऊ द्यायची, आणि कातरणी झाली की दोन्ही जनावरं कसायाच्या हवाली करायची. भिवराक्का घरी आली. मंजुळा गुणगुणत होती, पिल्लू तिच्या पोटाशी बसलं होतं. भिवराक्कानं डोळे पुसले नाहीत, कारण तिचे हात मोकळे नव्हते. ती कातत होती.

कातरणीचा दिवस आला. सगळं गाव मेंढरं घेऊन ओढ्यावर गेलं. भिवराक्कानं घरचं गुबगुबीत कोकरू डालीखाली ठेवलं, पण आधी त्याच्या गळ्याच्या लोकरीत मंजुळेच्या धाग्याचं टोक वळून टाकलं, लोकरीत लोकर. सगळा गुंडा मडक्यात ठेवला आणि मडकं दाराआड. धागा मातीच्या रंगाचा. मातीवर पडला की दिसायचा नाही. मग ती ओढ्यावर जाऊन कातर चालवायला लागली. थोड्या वेळानं नागोजीचं डोकं दुखायला लागलं. तो घरी गेला.

दिवस कलल्यावर भिवराक्का परतली. डाल तशीच पालथी. कोकरू नाही. मडक्यातला गुंडा सुपारीएवढा झाला होता.

तिनं धागा उचलला आणि मोठ्यानं हाक दिली. गाव गोळा झालं. "धरा," ती म्हणाली. कुणी हात पुढं करेना. मग तात्याबा पुढं आला, धागा धरला आणि खाली बघत म्हणाला, "चल. चुकलो मी."

मग एकामागून एक सगळ्यांनी धागा धरला. धागा बोरीच्या काट्यांतून गेला आणि तुटला नाही. बांधावरून गेला, चिखलातून गेला. मारुतीच्या देवळापाशी तर त्यानं पुरती एक प्रदक्षिणा घातली होती. चोर देवाला विसरला नव्हता. पुढं धागा चावडीखालून गेला आणि पाटलाच्या दारात शिरला. तिथं सगळे थबकले. भिवराक्का थबकली नाही.

चुलीवर पातेलं होतं, रिकामं. शेजारी नागोजी पाटील तोंड उघडं टाकून घोरत पडला होता. आणि धाग्याचं टोक त्याच्या दाढेत अडकलेलं होतं.

भिवराक्कानं धागा ओढला. असं म्हणतात, की नागोजी धाग्यामागं ओढला गेला, मासा गळाला लागावा तसा, घरातून अंगणात, अंगणातून चावडीवर. तिनं पुन्हा ओढला, तर त्याच्या पोटातून आवाज आला, "बें." मग दुसरा. मग तिसरा. जेवढी कोकरं त्यानं खाल्ली होती तेवढी सगळी पोटातून ओरडायला लागली. ओढ्यावरच्या मेंढ्यांनी आपापल्या लेकराचा आवाज ओळखला. नुकत्या कातरलेल्या, उघड्या अंगाच्या मेंढ्या माळाची धूळ उडवत आल्या आणि नागोजीला वेढा घालून उभ्या राहिल्या. मंजुळा सावकाश पुढं आली, मान उंच केली आणि त्याच्या फेट्यावर हिरवीगार पिचकारी टाकली.

"भूत थुकलं, पाटील," भिवराक्का म्हणाली. "दात लावल्याबिगर."

मेंढ्यांनी त्याला ढुशा देत शिवेपार नेलं. तो परत आला नाही. फेटा तेवढा बोरीला लटकत राहिला. त्याचा वास पाऊस पडून गेला तरी गेला नाही, असं म्हणतात.

मंजुळा म्हातारी होऊन भिवराक्काच्या दारात मेली. भिवराक्काही गेली. पण अजून हिवरमाळात एखादं कोकरू जरा लांब मानेचं निघालं तर ते विकत नाहीत. आणि दर साली कातरणीच्या दिवशी गावच्या बाया मिळून एक धागा काततात. ज्यांना कातता येत नाही त्याही हात लावतात. धाग्याचं एक टोक भिवराक्काच्या आठवणीला बांधलेल्या चौथऱ्याला बांधतात. मग सगळं गाव धागा धरून निघतं, बोरीतून, बांधावरून, मारुतीला प्रदक्षिणा घालून, जिथं आता पाटलाच्या घराचा नुसता उंबरठा उरलाय आणि निवडुंग माजलंय तिथपर्यंत. तिथं गावची सगळ्यात म्हातारी बाई उंबरठ्यावर पाय ठेवते आणि विचारते,

"दात कुणाला न्हाईत?"

"मंजुळेला," पोरं ओरडतात.

"खरं कोण बोललं?"

"भिवराक्का."

"मग कोकरं खाल्ली कुणी?"

आणि सगळं गाव, बाया, पुरुष, कडेवरची पोरं, धागा ताणून एका दमात सांगतं:

"नागोजी पाटलानं."