येसाक्काचं विरजण

पाय आत घे गौऱ्या, आणि तिचं पांघरूण ओढू नकोस. भांडणार असाल तर मी नाही सांगणार गोष्ट. हं, अस्सं. डोळे मिटा, कान तेवढे उघडे ठेवा.

तर काय झालं एकदा, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात राहत होती येसाक्का. घरात ती आणि तिची नात बकू, दोघीच. गोठ्यात एक म्हैस. आणि एक मडकं. मडक्यात होतं विरजण, येसाक्काच्या आजेसासूच्या आजेसासूपासून चालत आलेलं. त्याचं दही असं लागायचं, असं लागायचं, की सुरीनं कापावं! आणि खाल्लं की कसलाही ताप उतरायचा. सात वैद्य एकीकडे आणि येसाक्काचं दही एकीकडे, बरं का.

पण बाई महाचिक्कू! विरजण म्हणजे असतं किती? नखभर दही. त्याला कुणी नाही म्हणतं का? अगं, भांडलेल्या शेजारणीलासुद्धा देतात. पण ही द्यायची नाही. दिलं तर मग आपल्या दह्याला कोण विचारील, असं तिला वाटायचं.

एके दिवशी ओढ्यापलीकडच्या वाडीतून धुरपी आली. नवीन लग्न झालेली पोर, हातात पळसाचं पान. म्हणाली, "आक्का, मामंजींना ताप आलाय. जरा विरजण देता का?"

"अजून लागलं नाही गं," येसाक्का म्हणाली. मग धुरपी दुपारी आली. "आता मोडलं तर पाणी सुटेल गं." मग बिचारी संध्याकाळी आली. तिला लांबून बघितलं मात्र, येसाक्कानं लगबगीनं दिवाच लावला. "दिवेलागण झाली की बाई! दिवा लागल्यावर घरातलं दही बाहेर देतात का कधी? लक्ष्मी जाते." गेली धुरपी रिकामं पान घेऊन.

मग मडकं रुसलं. येसाक्का अंथरुणावर पडली की, बुडुक! कूस बदलली की, बुडुक, बुडुक! झाकणावर वरवंटा ठेवला, तरी बुडुक! हसू नका. तुमची झोप गेली असती म्हणजे कळलं असतं. पहाटे ती वैतागून उठली, पानावर नखभर विरजण घेतलं, तरातरा ओढा ओलांडला आणि धुरपीच्या हातात टेकवलं. "घे. आणि गावभर सांगत सुटू नकोस!"

येताना मात्र तिला कसं हलकं हलकं वाटलं. ओवी गुणगुणतच घरी आली. मडकं गप्प. आणि ही बाई भरदुपारी अशी झोपली की म्हैस हंबरून हंबरून थकली. पण कबूल करील तर ती येसाक्का कसली! गावातलं कुणी मागायला आलंही नाही. नकार ऐकून ऐकून लोक कंटाळले होते.

मग आला उन्हाळा, आणि बकू तापानं फणफणली. पाणी पाजलं तरी उलटायचं. पोटात ठरायचं ते एक दही. आणि नेमकी त्याच दिवशी बोक्यानं मारली उडी, मडकं खाली! खापऱ्या झाल्या. सांडलेलं मेल्यानं चाटून पुसून टाकलं. येसाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. आजेसासूचं विरजण गेलं त्याचं तिला काही नव्हतं रे. पोर डोळे उघडत नव्हती.

मग ती धावली, घाबरून काही सुचत नव्हतं तिला. पहिल्या दारी गेली, "माझं विरजण आहे का गं तुमच्याकडे?" "आमच्याकडे कुठलं आक्का? तुम्ही कधी दिलंत?" दुसऱ्या दारी तेच. तिसरं दार कुंभारणीचं. ती म्हणाली, "विरजण नाही, पण हे मडकं घ्या. ओढ्यापलीकडं मडकी विकायला जाते तिथं ऐकलंय, धुरपीला तुम्ही दिलं होतंत ना? जा पळा. बकूजवळ मी बसते."

सूर्य डोंगराला टेकला होता. येसाक्का पळतेय, ठेचकाळतेय, आणि मनात एकच. दिवा लागला असेल तर? आपलेच शब्द आपल्याला ऐकवले तर?

ओढा ओलांडून वर आली, आणि बघते तर काय, अख्खी वाडी अंधारात! बायका आपापल्या दारात उभ्या, हातात न पेटवलेले दिवे.

येसाक्का हात जोडून रडायलाच लागली. "धुरपे, उशीर झाला गं मला. दिवेलागण..."

"कुठं झालीय आक्का?" धुरपी म्हणाली. "बघा की, एक तरी दिवा दिसतोय का?"

येसाक्का पलीकडच्या उतारावर असतानाच तिनं पाहिलं होतं. डोक्यावर पदर नाही, हातात रिकामं मडकं. काय ते ओळखून तिनं हाक घातली होती, "दिवे लावू नका गं कुणी, आक्का येतायत!"

मग ह्या घरातून वाटी, त्या घरातून वाटी, मडकं काठोकाठ भरलं. धुरपी म्हणाली, "तुमच्या नखभरातनं मामंजी उठून बसले. मग मी शेजारी दिलं, शेजारणीनं जावेला दिलं. आता घरोघरी हेच आहे. आम्ही दही म्हणतच नाही आक्का. 'येसाक्का लावलीस का गं?' असं विचारतो."

येसाक्काला रडता रडता हसू फुटलं.

ती ओढा ओलांडून पार होईपर्यंत वाडीत कुणी दिवा लावला नाही. मग लावले, सगळ्यांनी एकदम, तिला वाट दिसावी म्हणून.

घरी येऊन तिनं बकूला चमचाभर दही भरवलं. ठरलं. दुसरा चमचा. कपाळावर घाम आला. तिसऱ्याला बकूनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आजी, अजून!" तेव्हा कुठं येसाक्काचा जीव भांड्यात पडला.

आणि तेव्हापासून काय झालं माहीत आहे? गावात सगळ्यांत शेवटी दिवा लागायचा तो येसाक्काच्या घरी. उंबऱ्यात उभी राहून ती रस्ता बघायची. कुणी पान घेऊन येत असलं तर?

मग सुखानं जेवायच्या, सुखानं झोपायच्या. बकू झोपली, येसाक्का झोपली, मडकंही झोपलं. बुडुक नाही की काही नाही. आता तुम्ही... गौऱ्या? अगंबाई, झोपला वाटतं. झोप हो बाळा. तूही झोप गं.