सगुणा बुरडीण उंबऱ्याशी का बसायची

फार वर्षांपूर्वी, घाटातून मिठाचे बैल जायचे तेव्हाची गोष्ट. मधे कुणी बोलायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते.

चिंचखिंडीच्या पायथ्याला सगुणा बुरडीण राहायची. तिच्या टोपलीत पाणीसुद्धा ठरायचं, असं म्हणतात. बाईचं मन मोठं, पण घाई फार. समोरच्याचं ऐकून घेईल तर शपथ!

एकदा लमाणांचा तांडा उतरला. त्यातल्या सोमलीची लेक मोतली तीन वर्षांची झाली, तरी मान धरत नव्हती. सोमली तिला पाठीशी बांधून चालायची. आता तिची पाठ कामातून गेली होती. तांड्याचा नायक म्हणाला, "पोरीला इथंच कुणाच्या तरी पदरात घाल. तांडा थांबायचा नाही." सोमलीनं रडून रडून डोळे सुजवले.

सगुणेला ते बघवेना. तिनं एका दिवसात बैलावर बांधायची टोपली विणली, उंच पाठीची, मऊ कडांची. आपल्याकडे लेकरू वाटेकडं तोंड करून बसवतात, तसंच मोतलीला बसवलं. माय-लेक दोघी तांड्याबरोबर निघाल्या.

पण लमाणांच्या बाया बैलांमागून चालायच्या हो! मोतलीला माय दिसेना. ती दुबळी मान पोर मागं वळवत राहिली, वळवत राहिली. खिंडीच्या माथ्यावर लेकरानं जीव सोडला.

सोमली एकटी खाली आली. टोपली सगुणेपुढं ठेवून म्हणाली, "विणीत खोट नाही, बाई. पण मी कुठं चालते, एवढं तरी विचारायचं होतंस."

तेव्हापासून असं पोर मोमीन विणकराचं असो की नदीकाठच्या कोळ्याचं, सगुणा आधी त्याच्या मायपाशी उंबऱ्याशी बसायची. "बाई, दिवसभर तू कुठं असतेस?" मगच बांबूला हात. मागाशेजारची टोपली वेगळी, होडीतली वेगळी. माय जिकडं सरकेल तिकडं टोपली आपोआप वळायची, असं म्हणतात. पण मोतली काही परत आली नाही. सगुणा म्हातारी होऊन गेली, तेव्हाही तिच्या तोंडी तेच नाव होतं.

आजही आमच्या गावात मोतलीसारखं लेकरू आलं, तर आधी कुणी औषध सांगत नाही, अक्कल तर शिकवतच नाही. बुरुडांची एक बाई जाऊन मायपाशी बसते. परवा रस्त्याच्या कामावर तेलुगू जोडपं आलं, तसंच पोर घेऊन. भाषा कुणाला कळेना. बुरुडांची थोरली सून त्या बाईशेजारी खडीवरच बसून राहिली. शेवटी त्या बाईनं हातानं दाखवलं, पाटी कुठं भरते, कुठं ओतते, पोर कुठं ठेवते. दाखवता दाखवता तिला रडू फुटलं. इतकी गावं फिरली, पण तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.