घंटीचा रंग

"सांगा महाराज, हिचा रंग कोणता?"

लिंबाजी ओताऱ्याने गाईच्या गळ्यात बांधायची घंटी मोतीगीर गोसाव्यांपुढे ठेवली. नमस्कारसुद्धा केला नव्हता. तीन दिवस डोंगर तुडवून आलेल्या माणसाला तेवढाही धीर नव्हता.

"काशाचा असतो, तसाच की."

"धातूचा नव्हे. आवाजाचा."

गोसावी हसले नाहीत. आजवर बोलणं इथवर आलं की लोक हसायचे.

लहानपणी त्याने सांगितलं होतं, देवळातली घंटा जांभळी वाजते. आईने दृष्ट काढली, बापाने कानफटात दिली. त्याने कानाला खडा लावला. पुन्हा बोलला नाही, पण हात थोडेच ऐकतात! घंटी ओतायची, वाजवायची, मनातला रंग दिसला नाही तर वितळवून पुन्हा ओतायची. साधली की त्याच रंगाचा लोकरीचा गोंडा बांधायचा. त्याच्या घंट्यांना चार तालुक्यांत तोड नव्हती. गोंडे मात्र गिऱ्हाइकं घरी नेऊन कापून टाकत आणि लाल बांधत.

"सगळे ठार आंधळे," लिंबाजी म्हणायचा. बायकोशेजारी पाटावर बसूनही तो एकटाच जेवायचा.

मग एका धनगराने सांगितलं, वरच्या मठातल्या मोतीगीरबुवांनाही आवाजात रंग दिसतात. लिंबाजीने भट्टी विझवली आणि निघाला.

आता त्याची मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीत या घंटीचा गोंडा होता.

गोसाव्यांनी घंटी हलवली. डोळे मिटले.

"तांबूस," ते म्हणाले. "भिजलेल्या विटेसारखी."

लिंबाजीने मूठ उघडली. गोंडा हळदीसारखा पिवळा होता.

"पुन्हा वाजवा."

"तांबूसच आहे."

त्याने घाईघाईने दुसरी घंटी काढली. त्याला ती हिरवी दिसायची, गोसाव्यांना राखाडी. तिसरी तर विचारूच नका.

"म्हणजे तुम्हाला दिसत नाही!"

"दिसतं."

"मग मला दिसत नाही?"

"तुलाही दिसतं."

"मग खरं कोणाचं?"

गोसाव्यांनी पिवळा गोंडा उचलून डोळ्यांजवळ धरला आणि पहिली घंटी पुन्हा वाजवली. आवाज पार विरेपर्यंत ते गोंड्याकडे पाहत राहिले...

"हा पिवळा... कडेला कसा होतो रे?"

लिंबाजी गडबडला. असं त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"कडेला... पातळ होतो. मग विझतो."

"हां... माझा विझत नाही. खाली बसतो, गाळासारखा."

क्षणभर लिंबाजीला ऐकत राहावंसं वाटलं. मग सगळा शीण एकदम वर आला.

"महाराज, मला गाळ नको होता! तुम्ही एकदा 'पिवळा' म्हणाला असतात तर पुरे होतं. वाटलं होतं, जगात एक तरी माणूस माझ्यासारखं बघतो. त्या आशेवर आलो. आता कुठे जाऊ?"

त्याचा आवाज फुटला. पन्नाशीचा बाप्या, मठाच्या पायरीवर पोरासारखा रडू लागला.

गोसाव्यांनी त्याला गप्प केलं नाही. त्यांनी पिवळा गोंडा घंटीला बांधला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. मग घंटी कानाशी धरून हळूच हलवली. त्यांच्या पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

लिंबाजी रडायचा थांबला.

"महाराज... तुम्ही का रडता?"

"साठ वर्षं झाली या डोंगरावर," गोसावी म्हणाले. "तुलाही तांबूसच दिसली असती, तर तो माझाच पडसाद झाला असता, आणि आजही मी इथे एकटाच असतो."