पेनाचं टोक आणि झुपकीचा झुपका

एक होती खार. तिचं नाव झुपकी.

झुपकी का? अहो, शेपटीच तशी! मोठ्ठी. मऊ मऊ. झुपकेदार. आधी झुपकी यायची, मग मागून शेपटी यायची.

झुपकी राहायची रेणूच्या अंगणात, कडुलिंबावर. एकदा काय झालं, रेणूकडे तिची आत्या आली. आत्याजवळ होता टॅब. काळा काळा, गुळगुळीत. टॅबबरोबर होतं एक पेन. धातूचं, चकचकीत. पेनाला रबराचं इवलंसं टोक. टोक काचेवर टेकवलं, की रेघ यायची. लाल हवी तर लाल. निळी हवी तर निळी.

रेणू पायरीवर बसली. म्हणाली, "झुपके, बस इथे. हलू नकोस. मी तुझं चित्र काढते."

झुपकी बसली. खार कधी गप्प बसते का? पण बसली बिचारी.

रेणूने डोकं काढलं. कान काढले. पोट काढलं. पाय काढले. शेपटीची एक बारीकशी रेघ काढली. आता रेघेवर झुपका काढायचा. पाठीवर पट्टे काढायचे. रेणूने पेन टेकवलं, आणि...

टुप्!

पेनाचं टोक निसटलं. टुप् टुप् टुप्, पायऱ्या उतरलं. गेलं मोरीत. गुडुप्! गेलं ते गेलंच.

रेणूने बोटाने काढून पाहिलं. बोट जाड. रेघही जाड. झुपका कसला, लाटणं! रेणूने ते पुसून टाकलं.

तेवढ्यात बाबा आले. चित्र बघून म्हणाले, "वा रेणू! झकास उंदीर!"

आत्या आली. आत्या म्हणाली, "अय्या! कित्ती गोड उंदीर!"

उंदीर?

झुपकीने आपली शेपटी बघितली. मग चित्रातली शेपटी बघितली. तिला रडूच आलं.

"उंदीर नाही गं आत्या," रेणू म्हणाली. "ही झुपकी आहे!"

पण आत्याला होती घाई. आत्या म्हणाली, "हा उंदीर मी अकोल्याला नेते. माझ्या शाळेतल्या पोरांना दाखवते." आणि गेली बॅग भरायला. तिला संध्याकाळची गाडी पकडायची होती.

म्हणजे काय? आत्या जाणार. टॅब जाणार. चित्र जाणार. आणि अकोल्याची सगळी पोरं म्हणणार, उंदीर!

छे छे छे! झुपकी चढली काचेवर. नखाने रेघ काढली. टक् टक् टक्. काही उमटेना.

"काचबाई, काचबाई, रेघ दे ना."

काच म्हणाली, "देईन की. पण तुझं नख मला कळत नाही. नुसतं पेन मला कळत नाही. पेनाला मऊ टोक आण. जरासं ओलं आण. मग देते."

"बरं," म्हणाली झुपकी.

मऊ मऊ काय असतं? कापूस! झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, सुर्रर्र!

कुंपणाशी होती कपाशी. तिची बोंडं फुटली होती. पांढरी पांढरी.

"कपाशी, कपाशी, कापूस दे ना."

"कशाला गं झुपके?"

"पेनाला टोक येईना.
काच रेघ देईना.
माझा झुपका होईना.
आणि सगळे म्हणतात, उंदीर!"

"अगं बाई!" कपाशी म्हणाली. "देईन की. पण शेळीने माझ्या फांदीवर पाय दिलाय. मला वाकताच येत नाही. आधी शेळीला हटव. मग देते."

"बरं," म्हणाली झुपकी. तुरुतुरु, तुरुतुरु, सुर्रर्र!

शेळी तिथेच होती. रिकाम्या घमेल्याकडे बघत उभी.

"शेळी, शेळी, हट ना."

"कशाला गं झुपके?"

"कपाशी कापूस देईना.
पेनाला टोक येईना.
काच रेघ देईना.
माझा झुपका होईना.
आणि सगळे म्हणतात, उंदीर!"

"ब्यां!" शेळी म्हणाली. "हटेन की. पण मला तहान लागलीय. घमेल्यात पाणी पडू दे. मग हटते."

"बरं," म्हणाली झुपकी. तुरुतुरु, तुरुतुरु, सुर्रर्र!

घराच्या आत आत्याने बॅगेत साड्या भरल्या. डबा भरला.

घमेल्याच्या वर होती हापशी. उंच. हिरवी. तिचा दांडा लांबलचक.

"हापशी, हापशी, पाणी दे ना."

"कशाला गं झुपके?"

"शेळी हटेना.
कपाशी कापूस देईना.
पेनाला टोक येईना.
काच रेघ देईना.
माझा झुपका होईना.
आणि सगळे म्हणतात, उंदीर!"

"कुईं!" हापशी म्हणाली. "देईन की. पण माझा दांडा कोण दाबणार? तू? तू लटकलीस तरी तो हलायचा नाही. शेजारच्या कुंदाकाकूला उठव. मग देते."

झुपकीने दांड्याला लटकून पाहिलं. खरंच हलला नाही.

"बरं," म्हणाली झुपकी. तुरुतुरु, तुरुतुरु, सुर्रर्र!

कुंदाकाकू तिच्या ओसरीवर बसली होती. समोर शिलाई मशीन. मशीनवर पिवळा फ्रॉक, अर्धा शिवलेला. काकूच्या कपाळाला आठ्या.

"कुंदाकाकू, कुंदाकाकू, ऊठ ना."

"कशाला गं झुपके?"

"हापशी पाणी देईना.
शेळी हटेना.
कपाशी कापूस देईना.
पेनाला टोक येईना.
काच रेघ देईना.
माझा झुपका होईना.
आणि सगळे म्हणतात, उंदीर!"

"काय बाई कटकट!" काकू म्हणाली. "उठेन की. पण ही मशीन बघ, अडून बसलीय मेली. सकाळपासून एक टाका घालेल तर शपथ! ती चालल्याशिवाय मी काही जागची उठायची नाही."

"बरं," म्हणाली झुपकी. आता लांब जायचंच नव्हतं. एकच उडी. टुण्ण!

"मशीनबाई, मशीनबाई, चाल ना."

"कशाला गं झुपके?"

"काकू उठेना.
हापशी पाणी देईना.
शेळी हटेना.
कपाशी कापूस देईना.
पेनाला टोक येईना.
काच रेघ देईना.
माझा झुपका होईना.
आणि सगळे म्हणतात, उंदीर!"

"खट्... खट्... खट्," मशीन म्हणाली. "चालेन की. पण माझ्या पोटात धाग्याचे बोळे. माझ्या पोटात धूळ. आधी पोटात ब्रश फिरू दे. मग चालते."

"बरं," म्हणाली झुपकी.

ब्रश होता मशीनच्या खणात. झुपकी शिरली खणात. खुडबुड, खुडबुड.

"ब्रशा, ब्रशा, फिर ना."

"कशाला गं झुपके?"

झुपकीला लागली होती धाप. तिने मोठ्ठा श्वास घेतला.

"मशीन चालेना.
काकू उठेना.
हापशी पाणी देईना.
शेळी हटेना.
कपाशी कापूस देईना.
पेनाला टोक येईना.
काच रेघ देईना.
माझा झुपका होईना.
आणि सगळे म्हणतात, उंदीर!"

"अरेरे!" ब्रश म्हणाला. "फिरेन की. पण माझ्याकडे बघ तरी. माझे सगळे केस झडले. राहिली नुसती दांडी. मऊ मऊ केस आण. मग फिरतो."

मऊ मऊ केस? आता मऊ मऊ केस कुठून आणायचे?

तुम्हाला कळलं ना? सांगू नका हं! झुपकीला अजून कळलं नव्हतं.

तिकडून आत्याची हाक आली. "रेणू, टॅब आण गं! गाडीची वेळ झाली!"

संपलं. आता काही झुपका होत नाही. झुपकी मशीनवर जाऊन बसली. धप्प! शेपटी पाडली खाली. आणि लागली रडायला. चिक् चिक्. चिक् चिक्.

झुपकी रडायची, की शेपटी हलायची. शेपटी होती मशीनच्या फटीत. चिक् चिक्, फुर्रर्र! चिक् चिक्, फुर्रर्र! एक धाग्याचा बोळा उडाला. बसला थेट काकूच्या नाकावर.

"आँ...छी!" काकू शिंकली. मग म्हणाली, "अगं झुपके! रडतेस काय? परत कर बघू तसं!"

झुपकीने मागे वळून बघितलं. शेपटी! मऊ मऊ केसांची, आपलीच शेपटी!

मग काय विचारता! फुर्रर्र, शेपटी आत. फुर्रर्र, शेपटी बाहेर. धूळ उडाली. बोळे उडाले. पिवळे बोळे, लाल बोळे, निळे बोळे. झुपकीची शेपटी झाली रंगीबेरंगी. ब्रश बसला खणात गाल फुगवून.

मशीनचं पोट झालं साफ. मशीन चालली. खटखट खटखट, खटखट खटखट!

काकूच्या कपाळाच्या आठ्या गेल्या. काकू उठली. उठता उठता तिने रिळाचा एक दोरा तोडला. "असू दे जवळ," म्हणाली. "लागेल."

काकूने हापशीचा दांडा दाबला. कुईं कुईं, भस्स! हापशीने पाणी दिलं.

घमेलं भरलं. शेळी हटली. घटाघटा पाणी प्याली. दाढी भिजली तरी पीतच राहिली.

फांदी सुटली. कपाशी वाकली. कपाशीने कापूस दिला. पांढरा पांढरा, मऊ मऊ. झुपकीने तो तोंडात धरला.

पण टोक जरासं ओलं हवं होतं ना? तेही झालं. शेळीने मान झटकली. दाढीतला एक थेंब उडाला. टपक्! कापूस झाला जरासा ओला.

"रेणू, पेन आण गं!" काकू म्हणाली. रेणू पेन घेऊन धावत आली. काकूने कापूस वळला, देवाजवळची वात वळते तसा. पेनावर बसवला. वरून दोरा गुंडाळला. गर्र गर्र गर्र. गाठ मारली.

पेनाला टोक आलं!

आत्या दारात उभी. खांद्याला बॅग. पायात चप्पल. हात पुढे. "दे गं टॅब. गाडी जाईल निघून!"

"थांब ना आत्या," रेणू म्हणाली. "एकच झुपका!"

रेणूने टोक टेकवलं. काचेला कळलं. काचेने रेघ दिली. सर्र! आणखी एक रेघ. सर्र! सर्र सर्र सर्र सर्र! केसच केस. झुपकाच झुपका. झुपका पोचला काचेच्या कडेपर्यंत. आता काचेवर जागाच उरली नाही. पाठीवर पट्टे ओढले. सर्र, सर्र, सर्र.

आत्याने चित्र बघितलं. डोळे मोठे केले. "अय्या! ही तर खार!"

बाबांनी चित्र बघितलं. बाबा म्हणाले, "मी मघाशीच म्हटलं होतं, खार आहे म्हणून."

असं म्हटलं होतं का हो बाबांनी? जाऊ द्या.

पों पों! गाडी आली. दाराशीच थांबली. आत्या चढली. खिडकीजवळ बसली. टॅब मांडीवर ठेवला. झुपकी धावली कुंपणावरून. तुरुतुरु, तुरुतुरु, सुर्रर्र! तिला बघायचं होतं. अजून कोणी उंदीर म्हणतं का?

आत्याच्या शेजारी एक छोटंसं बाळ होतं. आईच्या मांडीवर. बाळाला कोणी काही सांगितलं नव्हतं. बाळाने वाकून टॅबमध्ये बघितलं. मग बोट टेकवलं काचेवर, बरोब्बर झुपक्यावर. आणि ओरडलं,

"खाऽऽऽर!"

कुंपणावर झुपकी उडाली टुण्णकन. चिक् चिक् चिक्! गाडी निघाली, तरी ती शेपटी हलवत राहिली. रंगीबेरंगी धागे उडाले अंगणभर.

मशीन चालली.
काकू उठली.
हापशीने पाणी दिलं.
शेळी हटली.
कपाशीने कापूस दिला.
पेनाला टोक आलं.
काचेने रेघ दिली.
झुपकीचा झुपका झाला.
आणि सगळे म्हणाले, खार!

चित्र गेलं गाडीने, गोष्ट ऐकली गोडीने.